उपाशी बाटल्या

नाशिक,
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

प्रिय चांगुणा,

सप्रेम जयभीम. आधी हातातली पिपेट खाली ठेव, स्टूल ओढून बस, आणि मग हे पत्र वाच. तुला मी चांगली ओळखून आहे. उभ्याउभ्या निम्मं वाचशील, कोटाच्या खिशात कोंबशील आणि तो कोट तसाच धुवायला टाकशील. पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. माझी तब्येत बरी आहे, गुडघ्यांचं सोडून दे. तुझी आई लताही बरी आहे. आज सकाळी विहारात भेटली. वंदना झाल्यावर लतानं मला हाताला धरून जिन्यापाशी नेलं आणि जे सांगितलं ते ऐकून घरी आल्या आल्या हे पत्र लिहायला बसले. तू प्रबंध मागे घेणार म्हणे. महिनाअखेरीला विद्यापीठाला तसं पत्र देणार, नोंदणी रद्द करणार, आणि जूनपासून कुठल्यातरी हायस्कुलात विज्ञान शिकवणार. सहा वर्षांचं काम! लताला त्यातलं काही उमगत नाही. तिला एवढंच कळलं आहे की पहिल्यांदा केलेला प्रयोग दुसऱ्यांदा जुळला नाही, आणि दोष तुझ्याच हाताचा आहे असं तू धरून बसली आहेस.

खरं सांगू, मला आधी तुझा अभिमान वाटला आणि मग रडू आलं. दुसऱ्यांदा प्रयोग करायला तुला सांगितलं होतं कुणी? कुणीही नाही. प्रबंध टाइप होऊन तयार होता, फक्त बांधायचा राहिला होता. पण तुला स्वतःच्या समाधानासाठी एकदा खात्री करून घ्यायची होती. जुळेना तेव्हा पुण्याचे तुझे सर म्हणाले की दुसऱ्या वेळचं वहीतच राहू दे, कोण विचारायला येतंय. त्यावर तू म्हणालीस, मी विचारतेय. लता मला हे तक्रारीच्या सुरात सांगत होती, पोरगी हट्टी आहे, हिचं कसं व्हायचं म्हणून. मी तिला म्हटलं, बाई, अशी लेक पोटी यावी म्हणून लोक काय काय करतात आणि तू कपाळाला हात लावून बसली आहेस. तुझी आजवर अशी स्तुती मी कधी तोंडावर केली नाही, म्हणून पत्रातच करून घेते. तुझ्याइतकी सरळ माणसं मी दोन-तीनच पाहिली, आणि त्यांतलं एक आता या जगात नाही.

तुझ्या त्या पेशी तू मुंबईहून आणल्यास तो दिवस आठवतो का? एकोणऐंशीचा डिसेंबर होता. पंचवटी एक्स्प्रेसनं आलीस. नाशिक रोडला मी घ्यायला आले होते. अशी अवघडून उतरलीस की मला वाटलं, पोरीच्या अंगात ताप आहे. तर त्या बोटभर बाटल्या तू शालीखाली, ब्लाउजच्या आत अंगाला लावून आणल्या होत्यास. थंडीनं जातील म्हणून गाडीत जागची हलली नव्हतीस, पाणीसुद्धा प्यायली नव्हतीस. रिक्षात मला सांगितलंस, या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी, कुठल्याशा परदेशी लेकराच्या. लेकरू जाऊन पंधरा वर्षं झाली, पण पेशी अजून बाटलीतून बाटलीत वाढताहेत. मी रिक्षाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. तू हसलीस आणि म्हणालीस, मावशी, हे लागत नाही कुणाला. मला लागायची भीती नव्हती गं. माझे मालक, मल्हारी, पोटाच्या कॅन्सरनं गेले त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. तू ज्यांना उराशी धरून आणलं होतंस ते माझ्या नवऱ्याला खाणाऱ्यांच्याच भावकीतले होते. कॉलेजातली शिपाईबाई म्हणून त्यांच्या बाटल्या आता मी धुवायच्या, या विचारानं माझं डोकं फिरलं होतं.

पण धुतल्या. कशासाठी, तर तुझ्यासाठी. आपल्या कॉलनीत नाकाला शेंबूड असताना तू माझ्या ओट्यावर पाढे म्हणायला यायचीस आणि तेराला अडायचीस. तीच चांगुणा आता कॉलेजच्या मागच्या दोन खोल्यांत, जिथे आधी क्रिकेटची पॅडं आणि फाटकी जाळी पडलेली असायची, तिथे प्रेशर कुकरमध्ये काचसामान उकडून निर्जंतुक करत होती. सुताराकडून काचेचं कपाट बनवून घेतलंस, दोन हात आत घालून काम करायला भोकं ठेवलेलं. बाहेरगावचे प्राध्यापक यायचे, कुकर बघून गालात हसायचे. तू त्यांना चहा द्यायचीस, आणि वर्षभरात एकाही बाटलीत बुरशी धरली नाही ते वहीतून दाखवायचीस. मग हसायचे थांबायचे. कॉलेजात मी तुला सगळ्यांदेखत बाई म्हणायची आणि कॉलनीत शिरलो की चांगुणे म्हणून तेल लावायला बसवायची. केसांची तू पार वाट लावली होतीस त्या काळात. आता नवीन वर्षापासून तू पुण्याला सरांच्या प्रयोगशाळेत, तिकडे काय अवस्था असेल कोण जाणे.

मला तू अडाणी समजली नाहीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेली बाई. माझ्या हाती बाटल्या देऊन गप्प बसता आलं असतं तुला. पण तू सगळं सांगायचीस. चांगली पेशी साखर सावकाश आणि पुरती जाळते. कॅन्सरची पेशी मेली अधाशी. बकाबका साखर गिळते, अर्धवट जाळते आणि राहिलेलं आंबट करून बाहेर टाकते. म्हणून बाटलीतलं लाल पाणी पिवळं पडतं. पिवळं दिसलं की पाणी बदलायचं, हे काम तू माझ्यावर सोपवलंस. पाणी नाही, मीडियम म्हणायचं, हेही बजावलंस. स्पिरिटच्या दिव्यावरून बाटलीचं तोंड फिरवायचं, बोलायचं नाही, खोकायचं नाही. महिनाभरात माझा हात तुझ्यासारखा चालायला लागला. मग तू औषध आणलंस. मी विचारलं, हे विष आहे का? तू म्हणालीस, नाही मावशी, हे फक्त मरायचा हुकूम देतं. मरायची रीत पेशीच्या आत आधीपासूनच असते, अगदी कॅन्सरच्या पेशीतसुद्धा. ती फक्त विसरलेली असते.

आणि एका सकाळी मायक्रोस्कोपवरून उठून तू मला तुझ्या स्टुलावर बसवलंस. तशी पेशी मी आधी कधी पाहिली नव्हती. आकसलेली, आतला गाभा तुकडे तुकडे झालेला, आणि कडेनं लहान लहान गाठोडी बांधत चाललेली, बिऱ्हाड हलवणारी बाई बांधते तशी. बाहेर काही सांडलेलं नाही. शरीरात असती तर शेजारच्या पेशींनी ती गाठोडी उचलून नेली असती, कुणाला पत्ताही लागला नसता, असं तू म्हणालीस. मग दुसरी काच दाखवलीस, विष घातलेल्या पेशींची. त्या भिजत टाकलेल्या हरभऱ्यासारख्या टचटचीत फुगून फुटल्या होत्या आणि पोटातलं सगळं बाहेर आलं होतं. तू म्हणालीस, अशी फुटली की आजूबाजूलाही इजा होते. हुकूम मिळाल्यावर पेशी साखर गिळायचं कमी करते, मग हे सगळं आवरून, बांधून ठेवायला तिला शक्ती येते कुठून? सहा वर्षं तू या एकाच प्रश्नाच्या मागे होतीस. लोकांना वाटायचं, ही कॅन्सरवरचं औषध शोधते. मी सांगायची, नाही हो, कॅन्सरची पेशी मरताना काय खाते ते शोधते. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटायचा, का ते तेव्हा मी तुला बोलले नाही.

त्याचसाठी चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात तू चार तऱ्हेच्या बाटल्या लावल्यास. काहींच्या मीडियममध्ये साखर, काहींत अजिबात नाही. दोन्हींतल्या निम्म्यांना औषध, निम्म्यांना नाही. लेबलं इंग्रजीत होती. मला इंग्रजी येत नाही म्हणून तू प्रत्येक लेबलाखाली मराठीत लिहिलंस, तुझ्या त्या कावळ्याच्या पायांसारख्या अक्षरात. पोटभर. उपाशी. पोटभर, औषध. उपाशी, औषध. तुझे सर आले तेव्हा त्यांनी नाक मुरडलं, ही काय खाणावळ आहे का म्हणाले. तू म्हणालीस, सर, या बाटल्या माझ्याइतक्याच मावशींच्या हाताखालून जातात, त्यांना वाचता आलं पाहिजे. मी मोरीत काच विसळत होते. पाठ फिरवलेली होती म्हणून बरं, नाहीतर माझे डोळे तुम्हा दोघांना दिसले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या उघडल्यास आणि ओरडलीसच. साखरेचा कण नाही आणि तरीही उपाशी-औषधवाल्या पेशी नीट आवरून मेल्या होत्या, एकूण एक गाठोडी बांधून. शिवाय मीडियम थोडं पिवळटही झालं होतं. साखर नाही तर आंबट आलं कुठून? म्हणजे मरणारी पेशी स्वतःच्याच घरातलं काहीतरी जाळते आणि त्या शक्तीवर आवरते, असं तू मला हात धरून सांगितलंस. आणखी दोन वेळा प्रयोग केलास, दोन्ही वेळा तेच आलं. त्यावर तू चौथं प्रकरण लिहिलंस आणि तेच प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण झालं. मी तुझा आनंद बघत उभी राहिले. आणि आता गेल्या दिवाळीनंतर, माझ्या जागी खंडेराव आल्यावर, तू तेच सगळं पुन्हा केलंस, तर उपाशी-औषधवाल्या बाटल्यांत एकही गाठोडं नाही. सगळ्या फुगून फुटलेल्या. तू खंडेरावाला शब्दानं बोलली नाहीस. तो स्वतःच येऊन मला सांगून गेला, की बाईंनी माझ्यावर आळ घेतला नाही, दिवसभर त्या स्वतःचेच हात बघत बसल्या होत्या. तेव्हा मला वाटलं, होत असेल प्रयोगात असं, बाई पुन्हा करतील. ते प्रकरण प्रबंध मोडण्यापर्यंत जाईल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

माझ्या निरोपाच्या दिवशी, पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये, तू भाषण केलंस. प्राचार्य होते, सगळा स्टाफ होता, मला जांभळं लुगडं दिलं होतं. तू म्हणालीस, इतक्या वर्षांत पुतळाबाईंच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही, माझ्या प्रबंधातले आकडे माझे नाहीत, त्यांच्या हाताचे आहेत. टाळ्या झाल्या. मला फुलांचा हार जड झाला गं. पेढा तोंडाला न लावता तसाच पदरात बांधला. सगळे म्हणाले, बाईंना भरून आलं. येणारच की.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगते. मल्हारी गवंडी होते, हाडानं दणकट, गोडाचे भारी वेडे. चहात चार चमचे साखर लागायची. आजारात वाळून वाळून काडी झाली. ऑपरेशन झालं आणि दवाखान्यात त्यांच्या खाटेला पाटी टांगली, पोटात काहीही देऊ नये. नर्सनं मला दोनदा बजावलं. डॉक्टरांचं बरोबरच होतं, त्यांचा काही दोष नाही. चौथ्या दिवशी ते शुद्धीवर आले आणि माझा पदर धरून म्हणाले, पुतळे, लय नाय मागत, गोड चा दे दोन घोट. मी पाटीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, पाटी काय सांगतीया, भूक मला हाय का पाटीला. दोन दिवस मागत होते. शेवटी शेवटी नुसते ओठ हलायचे, पण मला कळायचं काय मागताहेत ते. मी दिलं नाही. मला वाटलं, वाचतील. सहाव्या दिवशी दुपारी ते गेले, उपाशी. पाटी तशीच लटकत होती. तेव्हापासून माझ्या ओट्यावरून मी कुणाला रिकाम्या पोटी जाऊ दिलं नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तूच कितीदा म्हणायचीस, मावशी, तुमच्याकडे परीक्षेला निघालेल्या माणसालाही जेवूनच जावं लागतं.

चांगुणा, ते थेंब मी घातले. तू साडेचारला वर्गावर जायचीस आणि कुलूप लावायला मी मागे राहायची. पहिल्याच संध्याकाळी मी बाटल्या परत आत ठेवत होते आणि तुझ्या अक्षरात उपाशी, औषध असं वाचलं. माझा हात थांबला. नुसत्या उपाशीला माझी हरकत नव्हती, त्यांना कुणी मरायला सांगितलं नव्हतं. पण मरायला सांगितलेलं आणि वर उपाशी, हे माझ्यानं बघवेना. कोणाच्या भावकीतले आहेत तेही त्या क्षणी आठवलं नाही. फळीवरची दहा टक्के ग्लुकोजची निर्जंतुक बाटली घेतली, दिव्यावरून तोंड फिरवलं, तू शिकवलंस तसा श्वास धरला आणि प्रत्येक बाटलीत चार थेंब टाकले. पहिल्या संध्याकाळी चार, दुसऱ्या संध्याकाळी चार. तिन्ही वेळच्या प्रयोगांत, फक्त उपाशी-औषधच्या बाटल्यांत, बाकी कशातही नाही. तेवढ्यानं काय होणार, असं मला वाटलं होतं. खंडेरावाला थेंब घालायचं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याच्या वेळी त्या खरोखरच उपाशी मेल्या. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण पाच वर्षं तुझ्या शेजारी उभी राहिले आहे. तुझं चौथं प्रकरण चुकलं असेल, आकडे मात्र दोन्ही वेळचे खरे आहेत. पेशी घरातलं काही जाळत नव्हती. मी दिलेली साखर खात होती, आणि तेवढ्यावर तिनं सगळं आवरलं. खंडेरावाच्या वेळी ती मिळाली नाही, तर तिला आवरता आलं नाही. मरतानाही घासभर लागतो, हेच तर तू शोधत होतीस ना? उद्या उपाशी-औषधच्या चार बाटल्या लाव, दोहोंत थेंब घाल, दोहोंत घालू नकोस, आणि तिसऱ्या दिवशी बघ. प्रबंधात माझं नाव, हुद्दा, तारखा आणि थेंब सगळं लिही, झाकू नकोस. त्या निरोपाच्या भाषणातलं तुझं वाक्य खोटं होतं, ते माझ्यासाठी खरं ठेवू नकोस. विद्यापीठाला ते पत्र टाकू नकोस एवढंच माझं मागणं आहे. चुकलेला हात माझा होता, तू स्वतःचे हात बघणं बंद कर. तुझ्या सरांसमोर हे सगळं मी स्वतः सांगणार आहे, म्हणून गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघते. शिवाजीनगरच्या स्टँडवर घ्यायला ये, मला पुण्याचे रस्ते कळत नाहीत. रागावून आली नाहीस तरी चालेल, मी विचारत विचारत पोचेन.

तुझीच,
पुतळामावशी